बॅकअप घेतलाय ना? मग तो एकदा परत उघडून बघा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, दुपारी लाईट येते-जाते आणि कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानांत बंद पडलेल्या हार्ड डिस्क यायला लागतात. डिस्क घेऊन आलेला माणूस बहुतेक वेळा घाबरलेलाही नसतो. "डेटाचं टेन्शन नाही भाऊ, बॅकअप आहे आपल्याकडे," म्हणत तो खिशातून पेनड्राइव्ह काढतो. पेनड्राइव्ह उघडावा तर आत टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं चित्र दिसतं, पण फाइलची साइज दोन केबी. डेस्कटॉपवरचा शॉर्टकट कोणीतरी रोज संध्याकाळी इमानेइतबारे कॉपी करत होतं. डेटा त्यात कधी नव्हताच. दुसऱ्या एखाद्याच्या डिस्कमध्ये डेटा खरा निघतो, पण मागच्या दिवाळीपर्यंतचा. टॅलीचं नवं व्हर्जन टाकताना डेटाचं फोल्डर बदललं आणि बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरचा होत राहिला.

या दोघांनीही आळस केलेला नाही, रोजचं काम रोज केलं आहे. राहिलं ते एवढंच, की घेतलेली कॉपी दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून कोणी पाहिली नाही. म्हणून या लेखात बॅकअप कसा घ्यायचा हे तर आहेच, पण जास्त जागा दिली आहे ती घेतलेला बॅकअप कसा तपासायचा याला. आडत दुकान, जिनिंग, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, फोटो स्टुडिओ, डीटीपीचं दुकान किंवा घरचा लॅपटॉप, पद्धत सगळीकडे तीच लागते.

आधी कागदावर यादी करा

कोरा कागद घ्या आणि ऑफिसात प्रत्येक कॉम्प्युटरपाशी जाऊन बसा. तिथे बसणाऱ्याला विचारा, "हे मशीन आत्ता बंद पडलं तर तुमचं काय अडेल?" जे उत्तर येईल ते लिहा आणि ती फाइल नेमकी कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या फोल्डरात आहे तेही समोर लिहा. आयकॉनवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिल्या की फाइल खरी कुठे आहे ते कळतं. टॅलीत कंपनी निवडताना डेटाचा मार्ग स्क्रीनवरच दिसतो.

या फेरीत हमखास विसरलेल्या गोष्टी सापडतात. जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या केबिनमधला कॉम्प्युटर असतो, गाडी भरून आली आणि रिकामी गेली त्या सगळ्या नोंदी त्यात असतात, आणि बॅकअपच्या यादीत तो कधीच नसतो. रावेर-यावलकडच्या केळी व्यापाऱ्याकडे शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या कॉम्प्युटरवर असतात, पण दिल्ली-पंजाबकडच्या पार्टीशी भाव ठरल्याचे मेसेज आणि गाडीचे फोटो मालकाच्या मोबाइलमध्ये. लॅबमध्ये रिपोर्ट वेगळ्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये असतात, 'डॉक्युमेंट्स'मध्ये शोधून मिळत नाहीत. हे सगळं यादीत यायला हवं.

प्रत्येक ओळीपुढे आणखी दोन आकडे लिहा. पहिला, किती दिवसांचं काम पुन्हा हाताने भरता येईल? दुसरा, हे बंद राहिलं तर किती तास धकेल? मोसमात कापसाच्या गाड्या रांगेत उभ्या असताना काटा एक तासही बंद ठेवता येत नाही, आणि जून-जुलैत तोच दोन दिवस बंद राहिला तरी चालतो. ज्या कामात एक दिवसही परत भरता येणार नाही, त्याचा बॅकअप दिवसातून दोनदा हवा. जुन्या लग्नांच्या व्हिडिओंना महिन्यातून एकदा पुरे. हे आकडे मालकाने स्वतः ठरवावेत, कॉम्प्युटरवाल्यावर सोडू नयेत. धंद्यातलं कोणतं काम किती अडतं हे बाहेरून आलेल्या माणसाला कळत नाही.

कॉपी किती आणि कुठे

पीटर क्रोग या अमेरिकी फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ हा नियम अजूनही सगळ्यात सोपा आहे: डेटाच्या एकूण ३ कॉपी, २ वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली १ दुसऱ्या जागी. कामाचा कॉम्प्युटर ही पहिली कॉपी. ऑफिसातली एक्स्टर्नल हार्ड डिस्क दुसरी. क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात, किंवा घरी ठेवलेली तिसरी.

यातलं 'दुसऱ्या जागी' हे लोकांना सगळ्यात अनावश्यक वाटतं. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस चाळीसगावात तितूर आणि डोंगरी नद्यांचं पाणी बाजारपेठेत शिरलं. अशा वेळी टेबलाखालचा सीपीयू आणि खालच्या ड्रॉवरमधली बॅकअपची डिस्क एकाच पाण्यात जातात. परदेशातही वेगळं घडत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे ओव्हीएच कंपनीचं डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्या ग्राहकांची मूळ माहिती आणि बॅकअप दोन्ही त्याच आवारात होते त्यांच्या हाती काही उरलं नाही. ऑफिस मार्केट यार्डात असेल तर डिस्क घरी न्या. घर-ऑफिस एकाच इमारतीत असेल तर दुसऱ्या गावी भावाकडे किंवा बहिणीकडे पासवर्ड घातलेली डिस्क ठेवा.

आता 'कायम जोडलेली' कॉपी आणि 'काढून ठेवलेली' कॉपी यातला फरक. फाइलींना कुलूप घालून खंडणी मागणारे व्हायरस, म्हणजे रॅन्समवेअर, आधी जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जातात. यूएसबीला लावून ठेवलेली बॅकअप डिस्क आणि नेटवर्कवरचं शेअर केलेलं फोल्डर दोन्ही त्यांच्या तावडीत सापडतात. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीची जगभरची यंत्रणा बंद पाडली. आपल्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनललाही तेव्हा फटका बसला. कंपनीचे डोमेन कंट्रोलर, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरांची ओळख सांभाळणारे सर्व्हर, एकमेकांचा बॅकअप म्हणून जोडलेले होते आणि म्हणूनच सगळे एकदम पुसले गेले. वाचला तो फक्त घाना देशातल्या ऑफिसमधला, कारण त्या वेळी तिथे लाईट गेली होती आणि तो नेटवर्कपासून तुटलेला होता. त्या एका कॉपीवरून ही यंत्रणा परत उभी राहिली. लाईट जाण्याने आपण रोज वैतागतो, पण एवढ्या मोठ्या कंपनीला त्या दिवशी तिनेच वाचवलं. आपण ते नशिबावर सोडायचं नाही. दोन डिस्क घ्या, त्यांच्यावर 'अ' आणि 'ब' असं लिहा. एका आठवड्यात 'अ' ऑफिसात आणि 'ब' घरी, पुढच्या आठवड्यात उलट. दोन्ही एकाच वेळी एकाच कॉम्प्युटरला कधीही लावू नका.

उन्हाळा, धूळ आणि डिस्क

पुण्या-मुंबईत बसून लिहिलेल्या सूचनांमध्ये हा भाग नसतो. अनेक पोर्टेबल हार्ड डिस्कच्या माहितीपत्रकात वापरताना भोवतालचं तापमान जास्तीत जास्त ३५ अंश असावं असं लिहिलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पंख्याखालच्या खोलीतही दुपारी त्यापेक्षा जास्त असतं. म्हणून उन्हाळ्यात मोठा बॅकअप सकाळी लवकर किंवा रात्री घ्या. डिस्क पुस्तकांच्या गठ्ठ्यावर न ठेवता मोकळ्या लादीवर किंवा टेबलावर ठेवा. पत्र्याच्या शेडमधलं कपाट आणि गाडीचा डॅशबोर्ड या दोन जागा पूर्ण टाळा.

एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली चिपची डिस्क, घेतली असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. तिच्यात माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिली तर तो भार हळूहळू गळतो. जेडेक या संस्थेच्या मानकाप्रमाणे साध्या वापराच्या एसएसडीने आयुष्य पूर्ण वापरून झाल्यावरही, वीज नसताना ३० अंशात एक वर्ष माहिती टिकवली पाहिजे. तापमान वाढलं की ही मुदत झपाट्याने कमी होते. नव्या एसएसडीला लगेच धोका नाही, पण पाच वर्षं वापरलेली एसएसडी 'बॅकअप' म्हणून आपल्या उन्हाळ्यात कपाटात टाकून विसरणं बरोबर नाही. पडून राहणाऱ्या कॉपीसाठी फिरती हार्ड डिस्क मला जास्त भरवशाची वाटते, तीही दर दोन-तीन महिन्यांनी लावून चालवून बघायची.

पेनड्राइव्ह हे ने-आण करायचं साधन आहे, त्यावर एकमेव बॅकअप ठेवू नका. स्वस्तात मिळणाऱ्या मोठ्या पेनड्राइव्हमध्ये खोटी क्षमता दाखवणारे बरेच असतात. वरून ५१२ जीबी दिसतं, आत ३२ जीबीच असतं आणि पुढचा डेटा गुपचूप वाया जातो. एचटूटेस्टडब्ल्यू हे फुकट सॉफ्टवेअर पूर्ण ड्राइव्हवर लिहून परत वाचतं आणि खरी क्षमता सांगतं. विकत घेतल्याच दिवशी चालवा. नवा ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर जात नाही. विंडोजसाठी एनटीएफएस, आणि मॅक व विंडोज दोन्हीकडे लागणार असेल तर एक्सफॅट करून घ्या.

जिनिंगमधली रुईची तूस आणि नंदुरबार-दोंडाईचाकडच्या मिरचीच्या गोदामांतली बारीक धूळ सीपीयूच्या पंख्यात बसते, आतलं तापमान वाढतं आणि डिस्क लवकर थकते. दर मोसमानंतर ब्लोअर मारून घ्या. यूपीएसची बॅटरी किमान बॅकअप पूर्ण होईपर्यंत टिकते का ते मुख्य स्विच बंद करून एकदा बघा. कॉपी चालू असताना लाईट गेली तर एक फाइलच नाही, कधीकधी डिस्कची सगळी अनुक्रमणिका बिघडते.

रोजचं काम कसं बसवायचं

टॅलीप्राइममध्ये ऑल्ट आणि वाय दाबलं की डेटाचा मेनू येतो, त्यात बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही आहेत. बॅकअप कुठे जातोय तो मार्ग दरवेळी वाचा. सॉफ्टवेअर सुचवतं तीच जागा ठेवली तर कॉपी त्याच डिस्कवर बनते, आणि डिस्क गेली की दोन्ही गेलं. तारखेच्या नावाचं नवं फोल्डर करून त्यात घ्या, उदाहरणार्थ २०२६-०४-१५. वर्ष आधी लिहिलं की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात. डेटाचं फोल्डर नुसतं कॉपी करायचं असेल तर आधी सगळ्या मशीनवरची टॅली बंद करा, नाहीतर अर्धवट लिहिलेल्या फाइली कॉपी होतात. काट्याच्या आणि लॅबच्या सॉफ्टवेअरचंही हेच. चालू डेटाबेसची फाइल ओढून पेनड्राइव्हवर टाकू नका, त्या सॉफ्टवेअरमधलाच बॅकअपचा पर्याय वापरा. तो सापडत नसेल तर विक्रेत्याला फोन करून विचारा, आणि "परत कसा टाकायचा?" हेही त्याच फोनमध्ये विचारून लिहून ठेवा.

साध्या फाइलींसाठी विंडोजमध्ये फाइल हिस्ट्री असते. ती आपण स्वतः चालू करावी लागते, मग दर तासाला बदललेल्या फाइलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्या जपते. पण ती डॉक्युमेंट्स, डेस्कटॉप, पिक्चर्स अशा ठरलेल्या फोल्डरांकडेच पाहते. तुमचा डेटा डी ड्राइव्हवर असेल तर ते फोल्डर आधी विंडोजच्या 'लायब्ररी' या फोल्डरांच्या यादीत जोडावं लागतं. ते केलं नसेल तर फाइल हिस्ट्री वर्षभर 'चालू' दिसते आणि डी ड्राइव्हला हातही लावत नाही.

फ्रीफाइलसिंक हे मोफत सॉफ्टवेअर मला याहून पसंत आहे. डाव्या बाजूला मूळ फोल्डर, उजव्या बाजूला बॅकअपचं, आणि काय बदलणार ते आधी समोर दिसतं. फक्त 'मिरर' निवडताना सावध राहा. मूळ फोल्डरातून चुकून डिलीट झालेली फाइल मिरर बॅकअपमधूनही काढून टाकतं. सेटिंगमध्ये डिलीट होणाऱ्या फाइली वेगळ्या फोल्डरात जपण्याचा, म्हणजे व्हर्जनिंगचा पर्याय आहे. तो सुरू केल्याशिवाय पहिली कॉपी घेऊ नका.

गूगल ड्राइव्ह आणि वनड्राइव्हची गोष्टही अशीच. ते सिंक करतात: इथे बदललं की तिथे बदललं, इथे पुसलं की तिथे पुसलं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमधली फाइल ३० दिवसांनी कायमची जाते. मार्चमध्ये चुकून उडालेली फाइल ऑडिटच्या वेळी सप्टेंबरात आठवली तर ती तिथे नसते. शिवाय फुकटची जागा जीमेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून १५ जीबी आहे. ती भरली की नव्या फाइली चढणं थांबतं आणि कोपऱ्यातल्या त्या छोट्या खुणेकडे कोणाचं लक्ष जात नाही. क्लाउड नक्की वापरा, पण तारखेनुसार बंद करून, पासवर्ड घातलेल्या झिप फाइली तिथे टाका. चालू फोल्डर सिंकला लावलंय म्हणजे बॅकअप झाला असं धरू नका. पहिल्यांदा चढवायला वेळ किती लागेल तेही मोजा: २०० जीबी डेटा आणि अपलोडचा वेग २० एमबीपीएस असेल तर सलग २२ तासांहून जास्त. तालुक्याच्या गावात वेग याच्या निम्मा मिळाला तर जवळपास दोन दिवस.

जुन्या कॉपी कधी पुसायच्या? शेवटच्या ७ दिवसांच्या रोजच्या, शेवटच्या ५ आठवड्यांच्या आठवड्याच्या, १२ महिन्यांच्या महिन्याच्या, आणि दर ३१ मार्चची एक कायमची. वर्षअखेरीची कॉपी वेगळ्या डिस्कवर घ्या. जगभर बॅकअप दिवस म्हणून पाळली जाते ती तारीखही ३१ मार्चच आहे, आपल्या हिशेबी वर्षासाठी ती सोयीची पडते.

तपासणी: तीन थर

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कंपनीत एका इंजिनिअरच्या हातून चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला गेला. कंपनीकडे बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या सोयी होत्या आणि वेळेला त्यातली एकही भरवशाने कामी आली नाही. त्यातला नेहमीचा डेटाबेस बॅकअप सॉफ्टवेअरच्या व्हर्जनचा मेळ नसल्याने कधीपासून फसत होता, आणि फसल्याचे ई-मेल कोणापर्यंत पोचतच नव्हते. योगायोगाने सहा तासांपूर्वी हाताने घेतलेली एक कॉपी होती, तिच्यावर निभावलं. हे लोक रात्रंदिवस कॉम्प्युटरचंच काम करणारे. त्यामुळे 'एरर आला नाही' याचा अर्थ 'बॅकअप झाला' असा आपणही लावू नये.

पहिला थर रोजचा, दोन मिनिटांचा. बॅकअपचं आजचं फोल्डर उघडा. तारीख आजची आहे का? साइज कालच्याइतकी किंवा थोडी जास्त आहे का? एकदम निम्मी झाली असेल तर काहीतरी सुटलंय. काहीच काम न करता एकदम फुगली असेल, किंवा फाइलींच्या नावांना अनोळखी शेपटं लागली असतील, तर मशीनचं नेट लगेच काढा आणि दुसरी डिस्क अजिबात लावू नका. साइजचा आकडा वहीत लिहा. वही कागदाचीच हवी, कारण कॉम्प्युटर बंद पडेल त्या दिवशी तीच हाताशी असेल.

दुसरा थर आठवड्याचा. 'अ' आणि 'ब' डिस्कची अदलाबदल कराल त्याच दिवशी बॅकअपमधल्या चार-पाच फाइली उघडा. दरवेळी वेगळ्या: एक कालची, एक मागच्या महिन्याची, एक तीन वर्षांपूर्वीची. फोटोंमध्ये छोटं चित्र दिसलं म्हणून समाधान मानू नका, पूर्ण उघडा. व्हिडिओ शेवटपर्यंत सरकवून बघा, अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ सुरुवातीला व्यवस्थित चालतो. झिप फाइलीवर राइट क्लिक करून सेव्हन-झिप या मोफत सॉफ्टवेअरमधला 'टेस्ट अर्काइव्ह' चालवा, आतलं सगळं वाचता येतं का ते तो तपासतो. महिन्यातून एकदा क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. निळं 'गुड' ठीक. पिवळं 'कॉशन' दिसलं, विशेषतः 'करंट पेंडिंग सेक्टर' किंवा 'रिअलोकेटेड सेक्टर' यांचे आकडे वाढत असतील, तर त्या डिस्कवर नवा बॅकअप ठेवणं थांबवा आणि दुसरी डिस्क मागवा.

मोठ्या आणि वर्षानुवर्षं न बदलणाऱ्या फाइलींसाठी चेकसम वापरा. सेव्हन-झिपच्या राइट क्लिक मेनूत एसएचए-२५६ हा पर्याय आहे. तो फाइलीच्या मजकुरावरून ६४ अक्षरांचा आकडा काढतो. फाइलीत एक बिट जरी बदलला तरी आकडा पूर्ण वेगळा येतो. मूळ फाइलीचा आणि कॉपीचा आकडा सारखा आला की कॉपी तंतोतंत आहे. फोल्डरच्या फोल्डर तपासायचे असतील तर फ्रीफाइलसिंकमध्ये तुलना 'तारीख आणि साइज'ऐवजी 'फाइलच्या मजकुरावर' लावा. वेळ लागतो, रात्री लावून ठेवा.

तिसरा थर म्हणजे खरी परीक्षा, रिस्टोअर. वर्षातून चार वेळा पुरे, पण तारखा ठरलेल्या हव्यात. माझी सूचना: संक्रांत, आखाजी (अक्षय तृतीया), पोळा आणि दिवाळी. जानेवारी, एप्रिल-मे, ऑगस्ट-सप्टेंबर, ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षभरात विभागणी होते. आखाजीला खानदेशात सालदारांचे करार बदलतात, दिवाळीला वहीपूजन असतं, म्हणजे या दिवसांत हिशेबाकडे लक्ष जातंच. सणाच्या दिवशीच करा असं नाही, त्याच्या आठवड्यात करा.

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं. एखादा जुना कॉम्प्युटर किंवा घरचा लॅपटॉप घ्या. बॅकअप ज्या मशीनचा आहे त्यावर ही तपासणी करू नका, तिथे चुकून जुना डेटा नव्यावर बसला तर तपासणीतूनच नुकसान होईल. रोज बॅकअप घेणाऱ्याने फक्त बाजूला बसायचं. काम दुसऱ्याने करायचं, आणि तेही वहीत लिहिलेल्या पायऱ्या वाचून. जिथे तो अडेल आणि "आता काय करू दादा?" म्हणेल तिथे वहीत एक ओळ कमी आहे, ती लगेच भरा. घड्याळ लावा. एकदा ऑफिसातली डिस्क घ्या, पुढच्या वेळी घरची, त्याच्या पुढच्या वेळी क्लाउडवरून उतरवलेली कॉपी.

बॅकअपची डिस्क लावा, लागणारं फोल्डर या मशीनवर कॉपी करा, डिस्क काढून बाजूला ठेवा. पुढचं सगळं कॉपीवर. टॅलीत रिस्टोअर करताना 'कुठे' या रकान्यात नवं रिकामं फोल्डर द्या. मग त्याच मार्गावरून कंपनी उघडा आणि मुख्य मशीनशी ताडून बघा: शेवटच्या व्हाउचरची तारीख आणि नंबर, ट्रायल बॅलन्सची बेरीज, बँकेची शिल्लक, दोन-तीन पार्ट्यांची बाकी. हे जुळलं तर बॅकअप खरा. नवीन व्हर्जनमध्ये बदललेला डेटा जुन्या व्हर्जनमध्ये उघडत नाही, म्हणून तपासणीच्या मशीनवरही तेच व्हर्जन हवं. आणि लायसन्स कोणत्या ई-मेलवर नोंदलेलं आहे ते याच वेळी बघा. बऱ्याच दुकानांत तो ई-मेल सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो. नवं मशीन उभं करायच्या दिवशी हे कळलं तर अख्खा दिवस त्याला शोधण्यात जातो.

मराठी फाइलींची तपासणी वेगळी करावी लागते. युनिकोड येण्याआधी श्रीलिपी, आकृती अशा फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडल्या की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, शाळांची जुनी पत्रं असं कितीतरी काम या फॉन्टमध्ये अडकलेलं आहे. डीटीपीवाल्यांनी फॉन्टचं फोल्डर, सॉफ्टवेअरची सेटअप फाइल, लागत असेल तर डाँगल (सॉफ्टवेअर चालायला यूएसबीला लावावी लागणारी किल्ली), आणि महत्त्वाच्या कामाची पीडीएफ हे सगळं बॅकअपचाच भाग धरावं. झिप करताना फाइलींची मराठी नावं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये प्रश्नचिन्हं होऊन बाहेर येतात, तेही दुसऱ्या मशीनवर उघडल्यावरच कळतं.

पासवर्डचीही परीक्षा याच वेळी. झिपचा पासवर्ड, टॅलीव्हॉल्टचा (टॅलीतल्या कंपनीच्या डेटाला घातलेल्या कुलपाचा) पासवर्ड, बिटलॉकरची (विंडोजमधल्या डिस्कच्या कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की, क्लाउडच्या खात्याचा पासवर्ड आणि त्याचा ओटीपी कोणाच्या मोबाइलवर जातो ते. टॅलीव्हॉल्टचा पासवर्ड विसरला तर तो डेटा कोणी काढून देऊ शकत नाही. हे सगळं कागदावर लिहून बंद पाकिटात, बँकेच्या कागदपत्रांसोबत ठेवा, आणि घरातल्या आणखी एका माणसाला पाकीट कुठे आहे ते सांगा. धनी अचानक आजारी पडले आणि दुकान मुलाने किंवा वहिनींनी उघडलं, तर त्यांना पहिला अडथळा इथेच येतो.

शेवटी घड्याळ बघा. रिस्टोअरला लागलेला वेळ आणि यादीत लिहिलेला 'किती तास धकेल' हा आकडा शेजारी ठेवा. ५०० जीबी चांगल्या यूएसबी डिस्कवरून सेकंदाला १०० एमबी या वेगाने उतरायला सुमारे दीड तास लागतो. तोच डेटा इंटरनेटवरून उतरवायला अनेक तास किंवा दिवस. काटा एक तासात चालू व्हायला हवा असेल आणि रिस्टोअरला पाच तास लागत असतील, तर अधिक डिस्क घेऊन उपयोग नाही. तिथे तयार ठेवलेलं दुसरं मशीनच लागेल, आणि हे मोसम सुरू व्हायच्या आधी कळलेलं बरं.

वहीत तारीख, कोणती कॉपी वापरली, कोणी केलं, किती वेळ लागला, काय अडलं, असं लिहून सही करा. पतसंस्थेत किंवा शाळेत ही वही ऑडिटरलाही दाखवता येते.

कायद्याचा भाग

जीएसटी नियमांमधला नियम ५७ सांगतो, की कॉम्प्युटरवर ठेवलेल्या नोंदींचा योग्य बॅकअप असा ठेवावा की अपघातात किंवा नैसर्गिक कारणाने नोंदी नष्ट झाल्या तरी त्या वाजवी वेळात परत मिळवता येतील. म्हणजे 'परत मिळवता येणं' ही कायद्याचीच अट आहे. कलम ३६ नुसार वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने हिशेब जपायचे. कंपनी असेल तर ऑगस्ट २०२२ पासून हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवणं बंधनकारक आहे. सहा-सात वर्षांपूर्वीचा डेटा दाखवायचा तर तो उघडणारं सॉफ्टवेअरही लागतं, म्हणून ३१ मार्चच्या कॉपीसोबत त्या वर्षीची सेटअप फाइल आणि मुख्य अहवालांच्या पीडीएफ ठेवा.

खरंच बंद पडलं तर

डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर मशीन बंद करा आणि पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नका. चुकून फाइली उडाल्या असतील तर त्या ड्राइव्हवर काहीही नवं लिहू नका, रिकव्हरीचं सॉफ्टवेअरसुद्धा त्यावर टाकू नका. रॅन्समवेअर असेल तर विंडोज नव्याने टाकल्याशिवाय बॅकअपची डिस्क जोडू नका, आणि नॅशनल सायबर हेल्पलाइन १९३० वर तक्रार नोंदवा.

बॅकअप हातात घेतल्यावर पहिलं काम त्याचीच आणखी एक कॉपी काढणं, तीही दुसऱ्या, धडधाकट मशीनवर. घाईत एकमेव कॉपीवरून थेट रिस्टोअर करायला जाऊन तीही बिघडवणारे लोक आहेत. मग वही उघडा आणि पोळ्याच्या आठवड्यात ज्या पायऱ्यांनी केलं होतं त्याच पायऱ्यांनी जा. मध्येच कोणी दुसरी युक्ती सुचवली तरी क्रम बदलू नका. डेटा परत आल्यावर शेवटच्या बॅकअपनंतरच्या नोंदी पावतीबुकांवरून, काट्याच्या छापील चिठ्ठ्यांवरून आणि बँक स्टेटमेंटवरून भरून घ्या. चिठ्ठ्यांची कार्बन कॉपी किमान तीन महिने जपायची ती याचसाठी.

जुनी बॅकअप डिस्क भंगारात देण्याआधी तीवरचा डेटा पूर्ण पुसा. नुसतं क्विक फॉरमॅट केलं तर माहिती परत काढता येते. फिरत्या डिस्कला विंडोजमधलं पूर्ण फॉरमॅट चालवा, एसएसडीला तिच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमधलं 'सिक्युअर इरेज'. बंद पडलेल्या फिरत्या डिस्कच्या तबकडीला ड्रिलने आरपार भोकं पाडा, बंद पडलेल्या एसएसडीच्या आतल्या चिप फोडा. आणि वहीत त्या डिस्कच्या नावापुढे नष्ट केल्याची तारीख टाका.